आधी हात, मग मन: ज्यू परंपरेतल्या रोजच्या आनंदाच्या पायऱ्या

‘आनंदात राहा’ हा सल्ला द्यायला फुकट आणि पाळायला अवघड, कारण नेमकं करायचं काय ते सांगणारा कधी सांगत नाही. ज्यू लोकांच्या तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, हीच गोष्ट चक्क आज्ञा म्हणून येते. पण तिथे तपशील आहे. ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाबद्दल म्हटलंय की सात दिवस आनंद कर, आणि लगेच माणसांची यादी दिली आहे: तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातला लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या कुळातला माणूस), परका, अनाथ, विधवा. किती दिवस आणि कोणाकोणाबरोबर, दोन्ही ठरवून दिलं. मनाला काय वाटायला हवं याबद्दल अवाक्षर नाही.

पुढे रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मपंडितांनी, शेकडो वर्षं या विषयाचा कीस काढला. तेराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिल्या गेलेल्या एका आज्ञासंग्रहात त्याचं सार सापडतं: माणसाचं मन त्याच्या कृतीमागून ओढलं जातं. म्हणून या परंपरेत आनंद हे एक काम आहे. तोंडाने, हाताने, ठरल्या वेळी आणि शक्यतो चार माणसांत करायचं. मन मागून येतं. एखाद्या दिवशी नाहीच आलं तरी काम चुकवायचं नाही.

हा लेख ज्यू नसलेल्या नवख्या वाचकासाठी आहे. धर्म बदलायचा नाही, कोणाच्या प्रार्थना उसन्या आणून दिवाणखान्यात शोभेला मांडायच्या नाहीत. प्रार्थना त्यांच्या त्यांना राहू द्या. आपण रीत समजून घेऊ आणि आपल्या घरात, आपल्या भाषेत जेवढी बसते तेवढी बसवू. आणि ही माणसं आपल्याला परकी तरी कुठे आहेत? कोकणातले बेने इस्राएल कित्येक पिढ्या मराठी बोलत आले. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. त्यांच्याकडे अधूनमधून वळूच.

आधी थोडं वाचन

सुरुवात ‘पिरके आवोत’ या छोट्या ग्रंथाने करा. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी मिश्ना नावाचा मोठा नियमसंग्रह संपादित केला, त्यातला हा भाग. मिश्नात शेतीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्याचे कायदे आहेत. आवोतमध्ये मात्र जगावं कसं याबद्दलची वचनं आहेत. पाच अध्याय मूळचे, सहावा नंतर जोडलेला. वल्हांडण आणि शावुओत या दोन सणांच्या मधल्या शनिवारी दुपारी दर आठवड्याला एक अध्याय वाचायची जुनी चाल आहे. तोच वेग आपल्यालाही बरा. एका बैठकीत संपवाल तर हाती फक्त सुविचार लागतील, आणि सुविचारांचा आपल्याकडे तसाही तुटवडा नाही.

जोडीला मराठी बायबलमधलं ‘उपदेशक’ हे पुस्तक घ्या. बारा छोटे अध्याय. ‘सर्व काही व्यर्थ’ असा सूर लावणारा हा माणूस मधेच म्हणतो, जा, आनंदाने आपली भाकर खा. कष्टाच्या दोन ओंजळींपेक्षा निवांतपणाची एक मूठ बरी. बऱ्याच ज्यू समाजांत हे पुस्तक मांडवांच्या सणात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या आठवड्यातच वाचतात. फांद्यांच्या छपराखाली बसून, ज्यातून रात्री चांदण्या दिसायला हव्यात. ज्याने कोणी हा मेळ घातला त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

तालमूदच्या, म्हणजे मिश्नावर पुढच्या पंडितांनी केलेल्या चर्चांच्या अवाढव्य संग्रहाच्या, वाटेला एवढ्यात जाऊ नका. तो दोन ठिकाणचा आहे, एक बाबिलोनचा आणि एक जेरुसलेमचा. बाबिलोनी तालमूदची दुहेरी पानं २,७११ आहेत. रोज एक वाचायचा जो क्रम १९२३ पासून जगभर चालतो, त्याला साडेसात वर्षं लागतात. त्यातल्या काही गोष्टी खाली येतीलच.

आवोतमधलं एक वचन मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ते सर्वांत जास्त वापरलं जातं आणि सर्वांत जास्त वाकवलंही जातं. बेन झोमा विचारतो, ‘श्रीमंत कोण?’ आणि उत्तर देतो, ‘जो आपल्या वाट्यात आनंद मानतो तो.’ हे ऐकून पुष्कळ लोक पगारवाढ मागायचं सोडून देण्याचा उपदेश करू लागतात. बेन झोमाने आधाराला घेतलेली स्तोत्राची ओळ वाचली तर तसं म्हणता येत नाही: ‘आपल्या हातच्या श्रमाचं फळ खाशील तेव्हा तू सुखी.’ आधी श्रम, मग फळ, मग ते बसून खाणं. आपण पहिली दोन करतो आणि तिसरं विसरतो.

पायरी पहिली: घास घेण्याआधी एक क्षण

इथून सुरुवात करा. खर्च शून्य, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तालमूदच्या ‘बेराखोत’ या भागात सकाळची एक यादी आहे. कोंबडा आरवला की कोंबड्याला दिवस-रात्र ओळखण्याची अक्कल देणाऱ्याचे आभार. डोळे उघडले की दृष्टी देणाऱ्याचे. उठून बसलं की बांधलेल्याला सोडवणाऱ्याचे. कपडे घातले, जमिनीवर पाय ठेवला, वहाणा बांधल्या, प्रत्येकाला एकेक वाक्य. आज हे सगळं सभास्थानात सकाळच्या प्रार्थनेत ओळीने म्हणतात, पण मूळ कल्पना कृतीगणिक एक वाक्य अशी होती. शौचाला जाऊन आल्यावरही एक आशीर्वचन आहे. चौथ्या शतकातल्या अबाये या पंडिताचं. शरीरात भोकं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एक जरी बंद पडलं किंवा फुटलं तर तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही, असा त्याचा आशय. वाचताना हसू येतं. मूतखड्याचा अनुभव असलेल्याला येत नाही.

रब्बी मेइर यांचं म्हणणं, माणसाने दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणायला हवीत. आकडा ऐकून घाबरू नका. ज्यू माणसाचे बरेचसे रोजच्या प्रार्थनांतच भरतात. शनिवारच्या प्रार्थनांत आशीर्वचनं कमी असतात, त्यामुळे हिशोब तुटतो. तालमूद सांगतो की एक रब्बी ती तूट सुगंधी वस्तू हुंगून आणि खाऊ खाऊन भरून काढायचे. मला हे फार आवडतं.

नवख्याने मात्र अन्नापाशीच थांबावं, कारण खरी मेख तिथे आहे. ज्यू रीतीत सगळ्या अन्नाला एकच वाक्य चालत नाही. भाकरीला वेगळं, द्राक्षाच्या रसाला वेगळं, झाडाच्या फळाला वेगळं, जमिनीतून येणाऱ्याला वेगळं. पाणी, दूध, अंडी, मासे यांना आणखी वेगळं. म्हणजे तोंडात घालण्याआधी हे कुठून आलं ते माहीत असावं लागतं. सफरचंद झाडाचं फळ. केळं? ते जमिनीच्या रकान्यात जातं, कारण केळीला कायमचं खोड नसतं. घड उतरला की बुंधा जातो. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण मॉलमधून केळी आणणाऱ्याला आहे.

हे डोळ्यांनी पाहायचं तर बेने इस्राएल घरातला मलिदा पाहावा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर हा विधी करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-बेदाणे. वरून फळं मांडलेली, सुगंधाला गुलाब. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गाणं म्हणतात आणि मग ताटातल्या एकेका प्रकारावर त्याचं त्याचं आशीर्वचन. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात त्या जागेला. पोहे, नारळ आणि गूळ आपल्याच स्वयंपाकघरातले, आशीर्वचनं हिब्रू, आणि ताटातली एकही गोष्ट नुसती तोंडात टाकायची नाही.

मग करायचं काय? दिवसातलं एक खाणं निवडा. सकाळचा चहा चालेल. पहिला घोट घेण्याआधी मनात एवढंच: पाणी कुठलं, पत्ती कुठली, दूध कोणी काढलं. दहा सेकंद. देव मानत असाल तर त्याचं नाव घ्या, नसाल तर राहू द्या. फोन तेवढा पालथा ठेवा, नाहीतर दहा सेकंदांत तीन निरोप वाचून होतात.

दुसरी गोष्ट ऋतूची. हंगामातलं पहिलं फळ खाताना ‘आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस’ या अर्थाचं आशीर्वचन म्हणतात. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये तर असं वचन आहे की डोळ्यांनी पाहिलेलं आणि तरीही न खाल्लेलं जे जे चांगलं होतं, त्याचा माणसाला जाब द्यावा लागेल. रब्बी एलाझार हे इतकं मनावर घ्यायचे की गरिबीतही नाणी बाजूला टाकून वर्षातून एकदा प्रत्येक नवं फळ चाखायचे. पहिली हापूस पेटी उघडताना हे आठवा आणि ती फोडी करून डब्यात भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना हाक मारा. बैठकीत बसून खा, ओट्यापाशी उभ्याने नको.

पायरी दुसरी: आठवड्यातून एकदा घाणा बंद

बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा अशी: नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. इतिहासकार तारखांवर वाद घालोत. पण एक गोष्ट पक्की आहे, कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. धंदा तेल काढायचा आणि शनिवारी घाणा बंद. मोठे ग्रंथ हाताशी नव्हते, रब्बी नव्हते, बाहेरच्या ज्यूंशी फारसा संबंध नव्हता. टिकलं ते शनिवारचं थांबणं, ‘शेमा’ ही मुख्य प्रार्थना, सुंता आणि खाण्याचे नियम. म्हणजे तत्त्वज्ञान विसरलं तरी चालून गेलं, वार विसरला नाही. या सगळ्या परंपरेतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी शब्बाथ, म्हणजे हा शनिवारचा विसावा, घ्या म्हणेन.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी, बहुतेक ठिकाणी अठरा मिनिटं आधी, दिवे लावतात. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत साधारण पंचवीस तास. या काळात काय करायचं नाही त्याचे एकोणचाळीस प्रकार मिश्नाने मोजले आहेत: नांगरणं, पेरणं, शिवणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, ओझं बाहेर नेणं. यादी ऐकून आपल्याला तुरुंग वाटतो. आतल्या माणसाला विचारलं तर तो टेबलाबद्दल बोलतो. दोन पाव, द्राक्षारस, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, आठवड्यातलं सर्वांत चांगलं जेवण, गाणी, दुपारची झोप. जिवावर बेतलं असेल तर मात्र सगळे नियम बाजूला. दवाखान्यात गाडीने जायचं, फोन करायचा. त्यावर तालमूदमध्ये स्पष्ट निर्णय आहे.

नवखा इथे हमखास एक गोष्ट विसरतो: शब्बाथचा आनंद शुक्रवारी दुपारी तयार होतो. तालमूदच्या ‘शब्बाथ’ भागात मोठमोठे पंडित शुक्रवारी काय करत याची यादी आहे. राव हिसदा बीट चिरायचे. राव हुना दिवे पेटवायचे. राव पापा वाती वळायचे. रावा मासा खारवायचे. राब्बा आणि राव योसेफ लाकडं फोडायचे. हे सगळे विद्यापीठांचे प्रमुख, घरात नोकरचाकर असणारे पुरुष. ‘मी बाहेरची कामं बघतो, आतलं तू बघ’ म्हणणाऱ्यांनी ही यादी फ्रिजवर चिकटवावी. कारण एकीच्या कंबरड्यावर बाकी सगळ्यांची विश्रांती उभी करायची असेल तर तो शब्बाथ नव्हे, नेहमीचाच रविवार.

पंचवीस तास पहिल्याच आठवड्यात जमणार नाहीत. असं करा:

पहिला महिना फक्त शुक्रवारची संध्याकाळ, सूर्यास्तापासून झोपेपर्यंत. वार तुमच्या कामानुसार दुसरा घ्या, पण घेतला की दर आठवड्याला तोच. सूर्यास्ताची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्या वेळी लोकल ट्रेनमध्येच असाल तर घरी पोचल्यावर सुरू करा. स्वर्गात हजेरीपट नाही.

त्याआधी स्वयंपाक झालेला, भांडी घासलेली, दुसऱ्या दिवशीची बिलं भरलेली हवीत. फोन बंद करून कपाटात, नुसता सायलेंट करून खिशात नको. घरात कोणी आजारी असेल तर एक फोन चालू ठेवा आणि तो कोणाकडे राहील ते आधी ठरवा. टेबलावर किंवा सतरंजीवर सगळ्यांनी एकत्र जेवायचं. घरात एकटे असाल तर कोणाला तरी बोलवायचं. जेवताना तीन विषय वर्ज्य: पैसा, ऑफिस, कोणाच्या मार्कांची चौकशी.

पहिले दोन-तीन आठवडे कंटाळा येईल. साडेआठला जेवण उरकतं आणि पुढे काय ते कळत नाही. हात आपोआप खिशाकडे जातो. हा कंटाळा मारायला जाऊ नका, त्यातूनच पुढे पत्ते निघतात, जुने फोटो निघतात, आजोबांच्या गोष्टी निघतात. मग हळूहळू शनिवार सकाळ जोडा, जमलं तर दुपार.

संपवण्याचीही रीत आहे, आणि ती अनेक जण गाळतात. हावदाला म्हणतात त्या छोट्या विधीत द्राक्षारस, अनेक वातींची मेणबत्ती आणि सुगंधी मसाले असतात. लवंग, दालचिनी वगैरे डबीतून सगळ्यांना हुंगायला देतात. दिवस गेल्याची हुरहुर लागते, तिला हा उतारा. तुम्ही फोन कपाटातून काढण्याआधी वेलची सोलून हातात धरा. शेवट ठरलेला असला की मधल्या वेळात सारखं घड्याळाकडे पाहणं थांबतं.

आठवडाभर शब्बाथची वाट कशी पाहायची यावर शम्माई आणि हिल्लेल या दोन जुन्या पंडितांत दोन स्वभाव दिसतात. शम्माईला बाजारात चांगला पशू दिसला की तो म्हणायचा, हा शब्बाथसाठी. त्याहून चांगला मिळाला की तो ठेवून पहिला खायचा. हिल्लेल म्हणायचा, रोजचा दिवस त्याच्या जागी, त्या दिवसाचं देव बघेल. तुम्ही शम्माई असाल तर फ्रिजमध्ये एक कप्पा राखून ठेवा. हिल्लेल असाल तर शुक्रवारी चारला बाजारात पळा. दोघांनाही रब्बींनी नावं ठेवली नाहीत.

पायरी तिसरी: आधी आपण नमस्कार करायचा

ही छोटी आहे. आवोतमध्ये शम्माई सांगतो, प्रत्येकाला हसऱ्या चेहऱ्याने भेट. हाच शम्माई तापट म्हणून प्रसिद्ध होता, म्हणजे बहुधा स्वतःलाच बजावत असावा. योहानान बेन झक्काई या थोर पंडिताबद्दल सांगतात की बाजारात कोणालाही, परधर्मीयालासुद्धा, त्यांच्या आधी नमस्कार करणं जमलं नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, वॉचमनला, कचरा नेणाऱ्या ताईंना, एवढ्याने सुरुवात होते. नावं माहीत करून घ्या.

इथे एलिया पुन्हा भेटतो. तालमूदच्या ‘तानित’ भागातली गोष्ट: बेई लेफेतच्या बाजारात रब्बी बेरोका त्याला विचारतात, इथे स्वर्गाला पात्र कोण? एलिया दोघांकडे बोट दाखवतो. रब्बी धावत जाऊन त्यांना विचारतात, तुमचा धंदा काय? ‘आम्ही विनोद करणारी माणसं. कोणी खिन्न दिसला की त्याला हसवतो, आणि दोघं भांडताना दिसले की खटपट करून मिटवतो.’ बाजारभर माणसं असताना या दोघांची निवड झाली.

पायरी चौथी: थोडं, पण वारंवार द्या

मैमोनिदेस हा बाराव्या शतकातला कोर्दोव्यात जन्मलेला आणि इजिप्तमध्ये वैद्यकी केलेला पंडित. त्याने सणाबद्दल फार कडक लिहिलंय: अंगणाचं दार लावून फक्त बायकामुलांसह खातो-पितो आणि गरिबाला घालत नाही, त्याचा तो आनंद पोटाचा, आज्ञेचा नव्हे. सुरुवातीची ती यादी, परका-अनाथ-विधवा, त्याने सोडली नाही.

दानाच्या त्याने आठ पायऱ्या लावल्या आहेत. सर्वांत खाली कुरकुरत देणारा. मधे कुठेतरी मागण्याआधी देणारा. त्याच्या वर, एकमेकांना न ओळखता देणारा-घेणारा. सर्वांत वर आहे तो हात पुढे करायची वेळच येऊ नये म्हणून कर्ज देणारा, भागीदारी करणारा, काम देणारा. ओळखीतल्या मुलाला पहिली नोकरी लावून देणं हे मोठ्या देणगीच्या पावतीपेक्षा वर जातं.

आपल्या कामाचं त्याचं दुसरं निरीक्षण आहे. एकालाच एकदम हजार नाणी देण्यापेक्षा हजार वेळा एकेक द्यावं, असं तो आवोतवरच्या भाष्यात म्हणतो, कारण हात उघडायची सवय वारंवार उघडूनच लागते. अनेक ज्यू घरांत एक डबा असतो. शुक्रवारी दिवे लावण्याआधी त्यात नाणं टाकतात, मुलांच्या हातून. यूपीआयच्या काळात नाणी कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे. दहा-दहाच्या नोटांचं एक पुडकं महिन्याच्या सुरुवातीला आणून ठेवा. खात्यातून आपोआप वळती होणारी देणगी चांगलीच, पण तिथे हात उघडत नाही. आणि दानावर जगणाऱ्यानेही थोडं दान करावं असा नियम आहे, म्हणजे ‘माझी ऐपत झाली की बघू’ ही पळवाट बंद.

पायरी पाचवी: वाद घालणारा सोबती शोधा

ज्यू अभ्यास जोडीने होतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची. रेश लाकिश हा पंडित वारला तेव्हा त्याचा सोबती रब्बी योहानान (वरचे बेन झक्काई नव्हेत, हा दुसरा) खचला. लोकांनी दुसरा विद्वान आणून बसवला. तो योहानानच्या प्रत्येक विधानाला आधार शोधून मान डोलवायचा. योहानान वैतागला: रेश लाकिश माझ्या एका वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय रुंद व्हायचा, तू सांगतोस की मी बरोबर आहे, ते मला माहीत नाही काय?

आवोतचा एक अध्याय आणि एक मित्र, आठवड्यातून अर्धा तास. तुमचं प्रत्येक मत लाइक करणारा मित्र यासाठी नको.

आणि दुःखाचं काय?

हे शेवटी घेतो आहे, पण याच्याशिवाय वरचं सगळं पोकळ ठरेल. ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ म्हणणारा एक माणूस तालमूदमध्ये आहे खरा, पण त्याच तालमूदमध्ये पुढची गोष्टही आहे. रब्बी हिय्या बार अब्बा आजारी पडले. योहानान भेटायला गेले आणि विचारलं, ‘तुला या यातना प्रिय आहेत का?’ हिय्या म्हणाले, ‘त्याही नकोत आणि त्यांचं बक्षीसही नको.’ योहानान म्हणाले, ‘हात दे.’ हात दिला, त्यांनी उठवलं. पुढे योहानान स्वतः आजारी पडले, हनिना आले, तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हात. तालमूद विचारतो, योहानान दुसऱ्याला उठवू शकत होते तर स्वतः का नाही उठले? उत्तर: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

भेटायला आलेल्याने उपदेश केला नाही आणि आजाऱ्याने शौर्य दाखवलं नाही. मन खूप दिवस खाली बसलं असेल, झोप-भूक गेली असेल, तर वरच्या पायऱ्या चढत बसू नका. डॉक्टरांकडे जा, कोणाला तरी हात द्या.

शोकालाही या परंपरेत मापं आहेत. जवळचं माणूस गेलं की सात दिवस घरात, जमिनीलगत बसून, तीस दिवस हलके निर्बंध, आईवडिलांसाठी वर्ष. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, आपल्याकडच्या कडू घासासारखं. त्यात अंडी आणि मसूर. भेटायला गेलेल्याने शोक करणारा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं आजच उचलता येईल असं आहे. ‘काय झालं होतं? कुठल्या हॉस्पिटलात होते?’ हे प्रश्न घरच्यांनी दिवसातून चाळीस वेळा ऐकलेले असतात. शेजारी जाऊन बसा, पाण्याचा तांब्या भरून ठेवा.

पण शोकाला कुंपण आहे, ते दोन्ही बाजूंनी. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसासाठी वर्षातून एक दिवस कडक उपास. कोकणात त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले, वालाच्या बिरड्यावरून. आणि रस्त्यात वरात आणि अंत्ययात्रा समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची, यावर तालमूदचा निर्णय आहे: अंत्ययात्रेने बाजूला व्हायचं, नवरीला पुढे जाऊ द्यायचं.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त चहाचे दहा सेकंद. दुसऱ्यात शुक्रवारची संध्याकाळ जोडा. तिसऱ्यात दहाच्या नोटा आणि लिफ्टमधला नमस्कार. चौथ्यात त्या शुक्रवारी बाहेरचं एक माणूस जेवायला, शक्यतो ज्याला कोणी बोलवत नाही असं. एखादा आठवडा हुकला तर मागचा हिशोब भरून काढायला बसू नका. आवोतमध्ये रब्बी तारफोन यांचं म्हणणं आहे, काम पूर्ण करणं तुझ्यावर बंधनकारक नाही, पण ते टाकून द्यायलाही तू मोकळा नाहीस.

प्रत्यक्ष पाहावंसं वाटलं तर महाराष्ट्रात जागा आहेत. मुंबईत मांडवीजवळचं १७९६ सालचं शार हारहामीम, फोर्टमधलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू, पुण्यातलं ‘लाल देऊळ’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं ओहेल डेव्हिड, शिवाय अलिबाग, रेवदंडा, पेण. ही चालू प्रार्थनास्थळं आहेत आणि सुरक्षेची व्यवस्था असते, तेव्हा आधी विचारून जा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल न्यावा. शनिवारी जाणार असाल तर कॅमेरा घरी ठेवा, वही-पेनही काढू नका. लिहिणं हे त्या एकोणचाळीस कामांतलंच एक.